आरोग्य व्यवसायांच्या नियामक कौन्सिलचं बोर्ड खरंच कामाचं कसं करायचं, पायरी पायरीने

तुमची एखाद्या मेडिकल, डेंटल, नर्सिंग, फार्मसी नाहीतर फिजिओथेरपीच्या कौन्सिलवर सदस्य म्हणून निवड झाली असेल, किंवा तुम्ही तिथे अध्यक्ष आहात आणि बोर्ड नुसतं सह्या करण्यापुरतं उरलंय असं वाटत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय.

मी स्वतः अशा एका कौन्सिलवर सहा वर्षं होते, डॉक्टर म्हणून नाही, बाहेरची सदस्य म्हणून, म्हणजे ज्याला कागदावर जनतेचा प्रतिनिधी म्हणतात ते. पहिली मीटिंग अजून लख्ख आठवते. साडेतीन तासांची मीटिंग, त्यातला दीड तास रिन्यूअल फी किती वाढवायची यावर, पाऊण तास वार्षिक समारंभाला पाहुणे कोण बोलवायचे यावर, आणि तक्रारींचा आढावा अजेंड्यावर चौदावा, म्हणजे अगदी शेवटी, तोपर्यंत अर्धी मंडळी घड्याळाकडे बघायला लागलेली. "प्रलंबित तक्रारी, माहितीस्तव सादर" एवढीच ओळ होती. रजिस्ट्रारनी, म्हणजे कौन्सिलचं ऑफिस चालवणाऱ्या प्रमुखांनी, ती वाचली, कुणी काही विचारलं नाही, मीही नाही. घरी आल्यावर सोबत जोडलेली यादी नीट बघितली तर सगळ्यात जुनी तक्रार पाच वर्षांपूर्वीची होती, एका बाईंनी आपल्या मुलीच्या मृत्यूबद्दल केलेली, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं "तज्ज्ञाच्या मताची प्रतीक्षा". पाच वर्षं एका मताची वाट बघतायत. त्या रात्री झोप लागली नाही आणि पुढे मी या कामाबद्दल जे काही शिकले ते सगळं त्या रकान्यापासून सुरू झालं. ज्या माणसासाठी हे बोर्ड आहे तो माणूस त्या खोलीत कधीच नसतो, ही गोष्ट डोक्यात ठेवून खालच्या पायऱ्या वाचा.

पायरी १: मीटिंगला जायच्या आधी कायदा वाचा

कौन्सिल ज्या कायद्याने उभी आहे तो कायदा प्रिंट काढून हातात घ्या. सगळा जमला नाही तरी उद्देश, कौन्सिलचे अधिकार, सदस्यांची नेमणूक, तक्रारीची पद्धत आणि अपील, एवढी कलमं तरी पेन्सिल घेऊन वाचाच. वर्षानुवर्षं बोर्डावर बसलेले लोक मी बघितलेत ज्यांनी हे केलेलं नसतं, आणि मग असोसिएशन आणि कौन्सिल यांच्यात गल्लत होते. असोसिएशन, म्हणजे त्या व्यवसायातल्या लोकांची संघटना, आपल्या सभासदांसाठी भांडते आणि ते रास्तच आहे, त्यासाठीच ती असते. कौन्सिल मात्र पेशंटसाठी असते, फी डॉक्टर नर्स भरत असले तरीसुद्धा. फी भरणारा म्हणजे मालक असा एक समज हळूहळू रुजतो, आणि तो बोलून दाखवला जात नाही म्हणून जास्त घातक.

ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलचं उदाहरण घ्या. ती १८५८ च्या कायद्याने झाली आणि त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच कारण दिलंय की ज्याला उपचार हवेत त्याला शिकलेला डॉक्टर कोण आणि न शिकलेला कोण हे ओळखता यावं. म्हणजे सुरुवातच पेशंटपासून होती. पण पुढे काय झालं बघा. हॅरॉल्ड शिपमन नावाच्या जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, जानेवारी २००० मध्ये १५ पेशंटच्या खुनांबद्दल शिक्षा झाली, मग डेम जॅनेट स्मिथ यांची चौकशी बसली, आणि तिच्या डिसेंबर २००४ च्या पाचव्या अहवालात कौन्सिलवर कडक ठपका आला तो हाच, की कौन्सिलची नजर पेशंटच्या सुरक्षेपेक्षा डॉक्टरांना न्याय मिळतोय ना याकडे जास्त होती. दीडशे वर्षांत उद्देशाचं कलम कुणी खोडलं नव्हतं, ते फक्त कुणी उघडत नव्हतं.

म्हणून एक साधी गोष्ट करून घ्या. अजेंड्याच्या प्रत्येक विषयाखाली ऑफिसने एक ओळ लिहायची, या निर्णयाने पेशंटच्या सुरक्षेत काय फरक पडतो. काही विषयांना "थेट काही नाही" असं उत्तर येईल, हरकत नाही, ऑफिसचं भाडंही भरायचं असतंच. पण अख्ख्या अजेंड्यावर तेच उत्तर आलं तर तुम्ही काय करत बसलाय ते तुम्हालाच दिसेल. आमच्याकडे ही ओळ सुरू झाल्यावर तिसऱ्याच मीटिंगला तक्रारींचा विषय चौदाव्यावरून दुसऱ्यावर आला, कुणी भाषण न करता.

पायरी २: किती माणसं आणि कोणती

मोठं बोर्ड म्हणजे सगळ्यांचं प्रतिनिधित्व, असं वाटतं खरं. प्रत्यक्षात तीस चाळीस माणसांच्या खोलीत पाच सहा जण बोलतात, बाकीचे चहा येण्याची वाट बघतात, आणि खरे निर्णय आधीच एखाद्या छोट्या कार्यकारी समितीत झालेले असतात. जनरल मेडिकल कौन्सिलचे एके काळी १०४ सदस्य होते. २००३ मध्ये ते ३५ केले, २००९ मध्ये २४, आणि २०१३ पासून फक्त १२, त्यात ६ डॉक्टर आणि ६ बाहेरचे. ब्रिटनमध्येच नियामकांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये सरकारला सल्ला दिला होता की ८ ते १२ सदस्यांचं बोर्ड बरं. माझा अनुभवही तोच सांगतो, बाराच्या आत असलं की प्रत्येकाने फाइल वाचली की नाही ते लगेच कळतं, लपायला जागाच नसते.

पण छोटं केलं म्हणजे झालं असं अजिबात नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याचं डेंटल बोर्ड ८ जणांचंच होतं, त्यात ६ डेंटिस्ट, १ डेंटल हायजिनिस्ट (दात साफ करून देणारा प्रशिक्षित सहायक) आणि सामान्य ग्राहकांचा म्हणून १. डेंटिस्ट सदस्यांना निवडून देणारेही राज्यातले डेंटिस्टच. या बोर्डाचं पुढे काय झालं ते हितसंबंधांच्या पायरीत सांगते. आणि भारतात मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया २०१० मध्ये बरखास्त झाली, पुढे परत उभी राहिली, सप्टेंबर २०१८ मध्ये वटहुकूम काढून पुन्हा बाजूला केली गेली, आणि २५ सप्टेंबर २०२० पासून तिच्या जागी नॅशनल मेडिकल कमिशन आलं. त्यात ३३ सदस्य आहेत आणि त्यातल्या जेमतेम ३ जागा कायदा, व्यवस्थापन, नीतिशास्त्र, ग्राहक किंवा पेशंटचे हक्क, अर्थशास्त्र अशा सगळ्या क्षेत्रांना मिळून ठेवल्यात. एवढ्या सगळ्याला तीन खुर्च्या मला तरी फार कमी वाटतात.

आता निवडणूक की नेमणूक, यावर लोक तावातावाने भांडतात. निवडणुकीत उमेदवार मतं मागायला जातो तेव्हा तो मतदाराला काहीतरी शब्द देऊन येतो, आणि मतदार सगळे त्याच व्यवसायातले. फी कमी करू, त्रासदायक तक्रारींपासून वाचवू, असली आश्वासनं देऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी न्यायबुद्धीने कसा बसणार? त्याची चूक नाही, त्याला निवडलंच त्यासाठी. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०२२ मध्ये नवा कायदा केला तेव्हा व्यावसायिक सदस्यांच्या निवडणुका काढून टाकल्या आणि बोर्डात निम्मे व्यावसायिक, निम्मे बाहेरचे असं ठरवलं. मी त्या बाजूची आहे. पण नेमणुकीतही सत्तेतल्या लोकांनी आपली माणसं बसवली तर एक रोग जाऊन दुसरा आला, म्हणून नेमणूक ही उघड जाहिरात, लिहिलेले निकष आणि बाहेरची निवड समिती अशाच मार्गाने व्हायला हवी.

निकष ठरवायचे कसे, तर एक मोठा कागद घ्या. डाव्या बाजूला सध्याच्या सदस्यांची नावं लिहा, वर आडव्या रांगेत बोर्डाला काय काय यायला हवं ते लिहा: त्या व्यवसायाची आजची प्रॅक्टिस, शिक्षण आणि परीक्षा, कायदा, हिशोब आणि ऑडिट, आकडेवारी वाचणं, मोठी संस्था चालवण्याचा अनुभव, आयटी, स्वतः पेशंट किंवा नातेवाईक म्हणून व्यवस्थेतून गेल्याचा अनुभव, दुर्गम भागातल्या कामाची माहिती. मग खुणा करत जा. बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन रकान्यांत खुणांची गर्दी होते आणि ऑडिटचा रकाना कोरा असतो. पुढची जागा रिकामी झाली की त्या कोऱ्या रकान्याची जाहिरात करायची, "नामवंत व्यक्ती" असली मोघम जाहिरात नाही. आणि कागदावर न मावणाऱ्याही गोष्टी आहेत, माणूस फाइल वाचून येतो का, आपलं मत चुकलं तर कबूल करतो का, वरिष्ठासमोर बोलतो का. त्या मुलाखतीत विचारायच्या, "तुम्ही शेवटचं एकट्याने विरोधात मत कधी दिलं होतं आणि पुढे काय झालं", या एका प्रश्नाने बरंच कळतं.

पायरी ३: बाहेरच्या सदस्यांना शोभेची खुर्ची देऊ नका

जनरल मेडिकल कौन्सिलवर पहिला बिगर-डॉक्टर सदस्य आला तो १९२६ साली, म्हणजे स्थापनेनंतर ६८ वर्षांनी. आता बहुतेक ठिकाणी अशी एखाददुसरी खुर्ची असते, पण खुर्ची दिली म्हणजे आवाज दिला असं होत नाही. मला पहिल्या वर्षी निम्मं बोलणं कळायचंच नाही, सगळं आद्याक्षरांत आणि आतल्या संदर्भांत. कुणी मुद्दाम करत नव्हतं, सवयच तशी.

यावर उपाय अगदी घरगुती आहेत. नव्या सदस्याला पूर्ण एक दिवस ऑफिसमध्ये बसवा, तक्रार येते तिथपासून निकालापर्यंतची एक बंद झालेली फाइल नावं झाकून त्याच्यासमोर ठेवा आणि प्रत्येक टप्प्यावर काय घडलं ते समजावून सांगा. संक्षेपांची यादी द्या. मानधन सगळ्यांना सारखं द्या, कारण डॉक्टर सदस्याचा दवाखाना बुडतो तसा बाहेरच्या माणसाचा रोजगारही बुडतो. किमान एका महत्त्वाच्या समितीचं अध्यक्षपद बाहेरच्या सदस्याकडे असू द्या, ऑडिट कमिटी त्यासाठी चांगली. आणि बाहेरचा म्हणजे खरंच बाहेरचा हवा, त्याच व्यवसायातल्या माणसाची बायको, निवृत्त प्राध्यापक किंवा औषध कंपनीतला जुना अधिकारी आणून रकाना भरायचा नाही.

डॉक्टर नर्स सदस्यांबद्दलही सांगायला हवं, नाहीतर माझं बोलणं एकतर्फी होईल. आमच्या बोर्डावर सगळ्यात टोकदार प्रश्न विचारणारी एक नर्स होती. वॉर्डात रात्रपाळीला एका नर्सकडे किती पेशंट असतात हे तिला माहीत असल्यामुळे कुठली चूक माणसाची आणि कुठली व्यवस्थेची हे ती पाच मिनिटांत सांगायची, ते मला पाच वर्षांतही जमलं नसतं. व्यवसायाचं ज्ञान बोर्डाला हवंच, फक्त ते आपल्या लोकांची वकिली करायला वापरायचं नाही.

पायरी ४: हितसंबंध, इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

नॉर्थ कॅरोलायनाची गोष्ट आता पुरी करते. तिथे दात पांढरे करून देण्याचा धंदा डेंटिस्ट नसलेल्या लोकांनी कमी पैशांत सुरू केला. बोर्डावरचे बहुतेक डेंटिस्ट स्वतः तीच सेवा देऊन पैसे कमवत होते. २००६ पासून बोर्डाने या लोकांना धंदा बंद करा अशी पत्रं पाठवायला सुरुवात केली, निदान ४७ पत्रं गेली, आणि लोक घाबरून धंदा सोडून गेले. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं आणि २५ फेब्रुवारी २०१५ ला ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल आला: ज्या बोर्डात निर्णय घेणारे बहुसंख्य लोक त्याच बाजारात धंदा करतात आणि ज्यावर सरकारची प्रत्यक्ष देखरेख नाही, त्याला स्पर्धा कायद्यापासून सरकारी संस्थेसारखं संरक्षण मिळणार नाही. बोर्डाचं म्हणणं पेशंटची सुरक्षितता हेच होतं. असेलही, पण ज्याचा खिसा त्यात अडकलाय त्याच्या तोंडून ते कुणाला पटणार?

प्रत्यक्षात काय करायचं ते सांगते. वर्षातून एकदा प्रत्येक सदस्याने लेखी जाहीर करायचं, आपला दवाखाना हॉस्पिटल कॉलेज कंपनी यात काय वाटा आहे, कुठल्या संघटनेत पद आहे, घरातल्यांचं काय, आणि ते वेबसाइटवर टाकायचं. भारतात २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्यात सदस्यांनी पद घेताना आणि सोडताना मालमत्ता जाहीर करायची तरतूद आहे, ती चांगली आहे, पण मालमत्तेपेक्षा नातीगोती जास्त आडवी येतात. एकाच कॉलेजची बॅच, गुरू आणि विद्यार्थी, एकमेकांना पेशंट पाठवणारे दोघं जण, हे कुठल्याच फॉर्मवर येत नाही. म्हणून दर मीटिंगला, दर विषयाच्या आधी, अध्यक्षांनी तोंडी विचारायचं, आणि "नुसतं सांगून टाकलं" एवढ्यावर भागवायचं नाही. हितसंबंध असलेल्या माणसाने खोलीबाहेर जायचं. गप्प बसतो म्हणून चालत नाही, त्याच्यासमोर बाकीच्यांची जीभ अडखळते, मी हे डोळ्यांनी बघितलंय.

मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्तात, कसं लिहायचं याचा नमुना: "विषय ६. अबक कॉलेजच्या मान्यतेचा प्रस्ताव. सदस्य क्रमांक ४ यांनी आपण या कॉलेजात मानद व्याख्याते असल्याचं सांगितलं. ते ११.२० ला बाहेर गेले, ११.४५ ला परत आले. चर्चेत आणि मतदानात त्यांचा भाग नव्हता." एवढं साधं. वेळ लिहिली की खोटं लिहिणं अवघड जातं.

आणि संघटनेतलं पद आणि कौन्सिलमधलं पद एकाच वेळी ठेवू देऊ नका. जमलं तर संघटनेचं पद सोडून दोन वर्षं झाल्याशिवाय कौन्सिलवर येता येणार नाही असा नियमच करा. यावर ओरड होते, होऊ द्या.

पायरी ५: बोर्डाचं काम कुठे संपतं आणि ऑफिसचं कुठे सुरू होतं

बोर्डाने दिशा ठरवायची, पैसा आणि माणसं पुरेशी आहेत का बघायचं, धोके ओळखायचे, रजिस्ट्रारची निवड करायची आणि त्याच्याकडून हिशोब घ्यायचा. रोजचा कारभार रजिस्ट्रार आणि स्टाफने करायचा. सदस्य ऑफिसात फोन करून "त्या अमुक डॉक्टरच्या फाइलचं काय झालं" असं विचारायला लागला की समजा घसरण सुरू झाली, हेतू कितीही चांगला असला तरी. असा फोन आला तर स्टाफने रजिस्टरमध्ये नोंद करायची, हा नियम लेखी असू द्या, स्टाफला तो फार मोठा आधार असतो.

एकेका तक्रारीचा निकाल बोर्डाने लावू नये, हे त्याहून महत्त्वाचं. नियम करणारा, आरोप ठेवणारा आणि शिक्षा देणारा एकच असला तर निकालावर कुणाचाच विश्वास बसत नाही, ना पेशंटचा ना डॉक्टरचा. ब्रिटनमध्ये २०१२ पासून डॉक्टरांच्या सुनावण्या मेडिकल प्रॅक्टिशनर्स ट्रायब्युनल सर्व्हिसकडे दिल्या, तपास कौन्सिलकडे राहिला. तेवढं वेगळं यंत्र तुमच्याकडे होणार नसेल तर निदान सुनावणीच्या पॅनेलवर बोर्डाचे सदस्य नकोत, प्रशिक्षण दिलेली स्वतंत्र यादी असू द्या आणि पाळीपाळीने नावं काढा.

दुसऱ्या टोकाची चूकही होते, बोर्ड आणि स्टाफ यांच्यात भिंत उभी राहते. ब्रिटिश कोलंबियात डेंटल सर्जन्सच्या कॉलेजची (तिथे नियामक संस्थेलाच कॉलेज म्हणतात) चौकशी हॅरी केटन यांनी केली, तो अहवाल एप्रिल २०१९ मध्ये जाहीर झाला, त्यात बोर्ड आणि स्टाफमधला अविश्वास हा एक मोठा मुद्दा होता. त्या प्रांतात मग सगळीच रचना बदलली, २० नियामक संस्थांच्या २०२४ पर्यंत ६ झाल्या. रजिस्ट्रारशी अध्यक्षांची ठरलेली, महिन्यातून दोनदा तरी भेट हवी, आणि वर्षातून एकदा रजिस्ट्रारचं मूल्यमापन लेखी व्हायला हवं, कानगोष्टींवर नाही.

पायरी ६: आकडे मागा, आणि सरासरीवर समाधान मानू नका

आमच्याकडे एकदा छान रंगीत तक्ता आला, सगळीकडे हिरवं. "तक्रार निकाली काढायला लागणारा सरासरी वेळ: ९ महिने." सगळे खूश. मग मी विचारलं, हे निकाली निघालेल्या तक्रारींचं आहे ना, जी निघालीच नाही ती यात आहे का? नव्हती. म्हणजे त्या बाईंची पाच वर्षं या सरासरीत कधी आलीच नव्हती, फाइल जितकी जास्त रखडेल तितका तक्ता हिरवा राहणार! खोटं कुणी बोलत नव्हतं, मोजण्याची पद्धतच तशी होती.

त्यामुळे दर तिमाहीला हे मागा: उघड्या तक्रारींचं वय, सगळ्यात जुन्या दहा फाइलींची यादी आणि प्रत्येकीसमोर ती कुणाच्या टेबलावर आणि कशासाठी थांबलीय ते. पहिल्याच पायरीवर किती फेटाळल्या आणि कारण काय. धोका गंभीर दिसत असताना तात्पुरती बंदी घालायला किती दिवस लागले, हा आकडा तर पहिल्या पानावर हवा, कारण फाइल पडून असते तेव्हा तो माणूस रोज पेशंट तपासत असतो. किती तक्रारदारांनी मध्येच सोडून दिलं. एकाच हॉस्पिटलकडून किंवा एकाच प्रकारच्या प्रोसिजरबद्दल किती आल्या.

ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलचं प्रकरण या सगळ्यासाठी वाचण्यासारखं आहे. मोरकॅम्ब बे भागातल्या फर्नेस जनरल हॉस्पिटलच्या प्रसूती विभागाबद्दल मार्च २०१५ मध्ये किरकप अहवाल आला, नीट उपचार मिळाले असते तर ११ बाळं आणि १ आई वाचू शकली असती असं त्यात म्हटलं होतं. मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईणी, यांच्याबद्दलच्या तक्रारी कौन्सिलकडे बऱ्याच आधी गेल्या होत्या, त्या वर्षानुवर्षं लांबल्या, कुटुंबांनी दिलेल्या माहितीला नीट किंमत दिली गेली नाही, हे मे २०१८ मध्ये नियामकांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोफेशनल स्टँडर्ड्स अथॉरिटीच्या आढाव्यात बाहेर आलं. असं काही वाचलं की मी स्वतःला विचारते, त्या काळातल्या बोर्ड मीटिंगांना हे कुठल्या पानावर होतं?

तक्त्यांच्या जोडीला माणूस समोर येऊ द्या. वर्षातून दोनदा, निकाल लागून गेलेल्या प्रकरणातल्या तक्रारदाराला आणि ज्याच्यावर तक्रार झाली त्या व्यावसायिकालाही, तयार असतील तर, वेगवेगळं बोलवून अनुभव ऐका. निकालावर चर्चा करायची नाही, फक्त वागणूक कशी मिळाली ते. खोटी तक्रार झालेला डॉक्टर तीन वर्षं कसा जगला हेही बोर्डाने ऐकायला हवं, उशिराची शिक्षा दोन्हीकडे होते.

पायरी ७: मीटिंग

कागदपत्रं सात दिवस आधी. आदल्या रात्री आलेला ठराव, तातडीचा नसेल तर, पुढच्या मीटिंगला. रोजच्या मंजुऱ्या एका ठरावात एकत्र घ्या म्हणजे वेळ उरतो.

अध्यक्ष कसा आहे यावर निम्मं अवलंबून असतं. चांगला अध्यक्ष आपलं मत शेवटी सांगतो, आधी सांगितलं की बाकीचे माना डोलावतात. नव्या सदस्याला आधी बोलवतो. एखाद्या विषयावर सगळ्यांचं पाच मिनिटांत एकमत झालं तर तो थांबून विचारतो, याच्या विरुद्ध बाजूने कोण बोलेल? आणि विरोधी मत मिनिट्समध्ये कारणासकट नोंदवतो. निर्णय झाल्यावर मात्र सगळ्यांनी तो बोर्डाचा म्हणून बाहेर सांगायचा, बाहेर जाऊन "मी तर नाहीच म्हणत होतो" असं बोलणाऱ्या सदस्यामुळे आमचं एक अख्खं वर्ष वाया गेलं.

प्रश्न विचारायची भीती वाटते ना, त्यासाठी माझे तीन ठरलेले होते: "हे आपल्याला कसं माहीत?", "हे चुकलं तर सगळ्यात आधी कोणाला लागेल?" आणि "सहा महिन्यांनी हे जमलं की नाही ते कशावरून कळेल?" पहिल्यांदा विचारताना घशाला कोरड पडली होती. नंतर ऑफिसनेच कागदात त्यांची उत्तरं आधी लिहायला सुरुवात केली.

पायरी ८: दार उघडं ठेवा

बोर्डाची मीटिंग लोकांना बघता यावी, कागद वेबसाइटवर असावेत, फक्त व्यक्तिगत माहितीचे विषय बंद दाराआड, आणि ते बंद का याचं कारण लिहिलेलं. नोंदणीचं रजिस्टर नावाने शोधता येणारं आणि ताजं हवं, त्यावर निलंबन आणि अटी दिसायला हव्यात. स्वतः एकदा मोबाइलवरून आपल्या कौन्सिलच्या साइटवर एखादं नाव शोधून बघा, आणि तक्रारीचा फॉर्म भरायला घ्या. आमच्या फॉर्ममध्ये घटनेची तारीख, रजिस्ट्रेशन नंबर आणि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र तिन्ही सक्तीचं होतं, आजारी माणसाने हे कुठून आणायचं? नोटरीची अट काढून टाकायला आम्हाला आठ महिने लागले.

अपिलाचं कलमही तपासा. भारतातल्या २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याच्या कलम ३० मध्ये राज्य कौन्सिलच्या कारवाईविरुद्ध अपील करायचा हक्क डॉक्टरला दिलाय, तक्रार करणाऱ्या पेशंटचा तिथे उल्लेख नाही. तुमच्या कायद्यात असं काही असेल तर बोर्डाने ठराव करून सरकारला दुरुस्ती सुचवायची, कायदा बदलणं आपल्या हातात नसलं तरी ते मागणं असतं.

पायरी ९: बोर्डाने स्वतःला तपासून घ्यायचं

मुदत ठरलेली हवी, दोन टर्म झाल्या की निरोप. सगळे एकदम जाणार नाहीत अशी पाळी लावा, नाहीतर एका दिवसात सगळी आठवण पुसली जाते. दरवर्षी प्रत्येक सदस्याची हजेरी, वाचून येणं, बोलणं याबद्दल अध्यक्षांनी समोरासमोर बोलायचं, अध्यक्षांचं इतरांनी. तीन वर्षांतून एकदा बाहेरच्या माणसाकडून तपासणी, आणि तो अहवाल छापायचा. सतत गैरहजर किंवा हितसंबंध लपवणाऱ्या सदस्याला काढायची पद्धत आधीच लिहून ठेवा, वेळ आल्यावर लिहायला गेलात तर ती त्या माणसाविरुद्धची वाटते.

आणि पद सोडताना तुमच्या जागी येणाऱ्यासाठी दोन पानं लिहा. कुठली आश्वासनं बोर्डाने दिली आणि अजून पुरी केली नाहीत, कुठला प्रश्न विचारल्यावर खोलीत शांतता पसरते, सगळ्यात जुन्या दहा फाइलींपैकी कुठल्या तुम्ही आलात तेव्हाही यादीत होत्या. मी लिहिली तेव्हा अशा दोन होत्या. त्या बाईंची त्यात नव्हती, तिचा निकाल माझ्या चौथ्या वर्षी लागला.